नाव झाकून वाचावयाचे पुस्तक

दिवाळी अंक हे फराळाचे ताट आहे, असे आपण नेहमी म्हणतो. एक विनोदी कथा, एक ग्रामीण, एक भुताखेतांची, चार कविता, एखादे प्रवासवर्णन आणि शेवटी राशिभविष्य. गेल्या पन्नासएक वर्षांत या ताटात विज्ञानकथेचीही भर पडली आहे. ती ताटात असते खरी; पण तिच्याकडे पाहण्याची आपली रीत मोठी चमत्कारिक आहे. करंजीला आपण करंजी म्हणून नावे ठेवतो. सारण कमी पडले, पारी जाड झाली, तूप वासाचे होते, असे बिनदिक्कत बोलतो. विज्ञानकथेला मात्र कोणी नावे ठेवीत नाही. "मुलांना वाचायला द्या, ज्ञानात भर पडेल," एवढे म्हणून घरातली वडील मंडळी पान उलटतात. आता, ज्या पदार्थाला कोणीच नावे ठेवीत नाही, तो बहुधा कोणी मनापासून खाल्लेलाही नसतो!

या आदरयुक्त दुर्लक्षाचा फटका ज्या पुस्तकाला सर्वांत अधिक बसला, ते पुस्तक म्हणजे जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा पहिला विज्ञानकथासंग्रह. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. पण त्याविषयी कथासंग्रह म्हणून दोन वाक्ये बोलून दाखवा म्हटले, तर पुष्कळांची पंचाईत होईल. लेखकाविषयी मात्र सारे बोलतील. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, काशीच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेले वडील, संस्कृत जाणणारी आई, केंब्रिजची रँग्लर पदवी, फ्रेड हॉईल यांच्यासारखा गुरू, त्या दोघांच्या नावाने १९६४ पासून ओळखला जाणारा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, १९६५ साली पद्मभूषण, १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन, १९८८ पासून पुण्याच्या 'आयुका'ची उभारणी. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हे सारे पुन्हा छापले. एवढ्या मोठ्या कर्तृत्वाच्या यादीत एका लहानशा कथासंग्रहाला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ, असेच कोणालाही वाटेल.

आणि येथेच गंमत आहे. हे पुस्तक नावाच्या वजनाखाली दबून जाऊ नये, याची काळजी खुद्द लेखकाने आरंभीच घेतली होती. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की ना. वि. ज. होतात, त्यातून हे जगताप जन्माला आले. परीक्षकांनी नाव पाहून भुलू नये एवढाच हेतू. अक्षर ओळखले जाईल म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंनी लिहून दिली. म्हणजे ज्या माणसाचे नुसते नाव पुरेसे होते, त्याने ते मुद्दाम काढून ठेवले आणि "माझी गोष्ट गोष्ट म्हणून तपासा" असे सांगितले. आपण वाचकांनी मात्र पुढे पन्नास वर्षे नेमके उलटे केले. गोष्ट बाजूला ठेवली आणि नाव वाचले.

म्हणून या लेखात ते पुस्तक जगतापांचे समजून वाचावयाचे आहे. गुणदोष दोन्ही पाहावयाचे आहेत. शास्त्रज्ञाने लिहिले म्हणून सवलत नाही, आणि शास्त्रज्ञाने लिहिले म्हणून 'हे ललित साहित्य नव्हेच' असा सोवळेपणाही नाही.

मराठीत विज्ञानकथा नारळीकरांपासून सुरू झाली, हा समज आधी दूर केला पाहिजे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा 'केरळ कोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच मराठी वाचकांपुढे ठेवली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांचा मित्र करून टाकले. परंतु ही सारी सुटी सुटी झाडे होती. त्यांची बाग झाली नव्हती. ती व्हावयास दोन गोष्टी लागल्या. पहिली, १९६६ साली स्थापन झालेली विज्ञान परिषद आणि तिच्या स्पर्धा. दुसरी, साहित्याच्या दरबारातली दखल. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. लोककथांचा आणि जातककथांचा व्यासंग असलेल्या विदुषीने विज्ञानकथेला हात द्यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. मला ते अगदी स्वाभाविक वाटते. अद्भुताची जात कोणती आणि त्याचे कूळ कोणते, हे लोककथेच्या अभ्यासकाइतके कोण ओळखणार?

अद्भुताची गोष्ट निघाली की आमच्या वेंगुर्ले तालुक्याला थोडे बोलण्याचा अधिकार आहे. आरवलीचा श्री देव वेतोबा सर्वांस ठाऊक आहे. भाविक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ती खरी की खोटी, हा येथे प्रश्न नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच की, त्या कथेला नुसता चमत्कार पुरत नाही. तिला झिजलेली वहाण लागते. देव फिरतो एवढे सांगून आमच्या आजीचे समाधान होत नसे, ती पुरावा दाखवी. दशावतारातही हेच. रात्रभर देव, दैत्य आणि ऋषी रंगमंचावर वावरतात, कोणी शंका घेत नाही. पण संकासुराने आपल्या रीतीला सोडून वागावे, तर समोर घोंगडीवर बसलेला म्हातारा लगेच ओरडेल. अद्भुत कितीही असो, त्याला नियम पाहिजे.

विज्ञानकथेचे मर्म याहून निराळे नाही. तिच्यातली झिजलेली वहाण म्हणजे निसर्गाचा नियम. लेखकाने एक अद्भुत गोष्ट गृहीत धरावी, एकच. आणि मग पुढचे सारे त्या गृहीताच्या तंत्राने, कोठेही फसवणूक न करता चालवावे. या कसोटीवर 'कृष्णविवर' पहा. प्रचंड वस्तुमानाच्या सान्निध्यात काळ मंद चालतो, हे कथेचे बीज. कृष्णविवराजवळून प्रवास करून येणाऱ्याचे घड्याळ आणि घरी वाट पाहणाऱ्यांचे घड्याळ यांचा मेळ राहत नाही. कागदावर हे आइन्स्टाईनचे गणित आहे. परंतु घरातल्या माणसांच्या वयांत ते शिरले की त्याची व्यथा होते. आमच्या किनाऱ्यावरची जी घरे मुंबईला, आखाताला किंवा बोटीवर गेलेल्या माणसांची वर्षानुवर्षे वाट पाहत बसली, त्यांना ही व्यथा समजावून सांगावी लागत नाही. तिकडच्या माणसाच्या मनात गाव जसेच्या तसे थांबलेले असते, आणि इकडे पोर बापाच्या खांद्याला लागलेले असते. विज्ञानाने फक्त त्या अनुभवाला पाठीमागून एक समीकरण दिले.

आणि ते समीकरण आता नवलाचेही राहिलेले नाही. आज वेंगुर्ल्याच्या बंदरातून मासेमारीला निघणाऱ्या यांत्रिक होडीवर उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा सांगणारे यंत्र असते. पृथ्वीपासून दूर फिरणाऱ्या त्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात सुमारे १० किलोमीटरची चूक होईल आणि बिचारा तांडेल भलत्याच पाण्यात जाळे टाकील. काळ सगळीकडे सारखा चालत नाही, हे सत्य असे रोज समुद्रावर जाऊन येते. २०१९ च्या एप्रिलमध्ये तर कृष्णविवराच्या छायेचे पहिले चित्रच जगापुढे आले. १९७४ च्या वाचकाला जो शब्द जिभेवर वळवावा लागला असेल, तो आज शाळकरी मूल सहज उच्चारते.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. 'लेखकाने आधीच सांगितले होते, पहा कसे खरे झाले!' हे विज्ञानकथेचे कौतुक नव्हे. ते ज्योतिषाचे कौतुक झाले. आणि नारळीकर तर आयुष्यभर फलज्योतिषाशी भांडत आले. कथेतले भाकीत खरे ठरले म्हणून कथा चांगली होत नाही. खोटे ठरले म्हणून वाईट होत नाही. कथेतल्या माणसांना त्या भाकिताने काय केले, हे पाहावे.

या दृष्टीने पाहता संग्रहातली मला सर्वांत सरस वाटणारी कथा 'धूमकेतू'. एक साधासुधा बंगाली गृहस्थ, दत्तादा, हौसेने दुर्बीण बाळगतो, रात्री जागवतो आणि एक दिवस नवा धूमकेतू शोधून काढतो. त्याचे नाव धूमकेतूला लाभते, सत्कार होतात. पत्नी इंद्राणीदेवींना मात्र धास्ती वाटते. धूमकेतू अशुभ, त्याला आपल्या घराचे नाव कशाला? पुढे कळते की, हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा धोका आहे. जगातले शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात आणि त्याला वाटेवरून ढकलण्याची योजना आखतात. ती पार पडते. दत्तादा घरी परत येतात, तो घरात अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ झालेला असतो! योजना गुप्त, यज्ञ सर्वांसमक्ष. श्रेय कोणाला मिळणार, हे सांगावयास नको.

येथे लेखकाने इंद्राणीदेवींची थट्टा केली असती, तर कथा एका दिवसात शिळी झाली असती. तसे केलेले नाही. पतिपत्नींचे एकमेकांवर प्रेम आहे. एकाच छपराखाली दोन विश्वे सुखाने नांदत आहेत. आणि नेमके म्हणूनच दत्तादांची शेवटची खिन्नता खोलवर जाते. परक्याच्या अंधश्रद्धेवर लेख लिहिता येतो. जेवताना समोर बसणाऱ्या प्रेमळ माणसाच्या समजुतीचे काय करावे, याला लेख पुरत नाही; त्याला कथाच लागते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही कथा रोज घडते. म्हणूनच ती लहानथोरांनी एकत्र बसून वाचण्यासारखी आहे; वाचून झाल्यावर घरात थोडा वाद झाला, तरी तो हितकरच.

एच. जी. वेल्सने १८९७ साली 'द स्टार' नावाची कथा लिहिली. तीतही एक परका तारा पृथ्वीच्या अगदी जवळून जातो, महापूर येतात, भूकंप होतात. आणि अखेरीस मंगळावरचे ज्योतिषी दुरून पाहून म्हणतात की, पृथ्वीचे फारसे काही बिघडलेले दिसत नाही. वेल्सची नजर अशी आकाशातून खाली पाहणारी, थंड आणि भव्य आहे. 'धूमकेतू'ची नजर माजघरातून वर पाहणारी आहे. भव्यतेत वेल्स वरचढ, यात वाद नाही. पण माजघर त्याच्या कथेत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या 'डार्ट' नावाच्या यानाने डायमॉर्फस या छोट्याशा खगोलाला मुद्दाम धडक दिली आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी केला. म्हणजे आकाशातल्या दगडाला ढकलता येते, हे सिद्ध झाले. इंद्राणीदेवींना समजवावयाचे कसे, हा प्रश्न मात्र १९७९ साली होता तेथेच आहे. विज्ञानाला जे जमले नाही, त्याची नोंद एका विज्ञानकथेने ठेवली आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी अशीच कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. आमच्याकडे श्रावण संपत आला की गणपतीच्या शाळेत मातीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांत उजव्या सोंडेची मूर्ती क्वचित. तिचे सोवळे कडक, म्हणून लोक ती घरी आणावयास कचरतात. या घरगुती जाणिवेवर लेखकाने भूमितीचे एक कोडे बसवले आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, तिला एक पीळ द्या आणि टोके चिकटवा. यालाच मोबियसची पट्टी म्हणतात. आकाशकंदिलाचा कागद घरात आहेच, मुलांनी करून पाहावे. पट्टी पारदर्शक असेल आणि तिच्यावर काढलेला डाव्या सोंडेचा गणपती पट्टीवरूनच सरकवत सरकवत एक फेरी पुरी केली, तर तो मूळ जागी उजव्या सोंडेचा होऊन येतो! आता हीच गोष्ट खऱ्या, घन वस्तूची झाली तर? माणसाचीच झाली तर? आणि तो माणूस क्रिकेटचा गोलंदाज असेल तर? देव्हारा, प्रयोगशाळा आणि क्रिकेटचे मैदान अशा तीन ठिकाणी आपला जीव गुंतलेला आहे; लेखकाने तिन्ही एकाच दोऱ्यात ओवली आहेत.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. वेल्सच्याच 'द प्लॅटनर स्टोरी' या १८९६ च्या कथेत एक शाळामास्तर स्फोटात नाहीसा होतो आणि नऊ दिवसांनी परत येतो, तेव्हा त्याचे हृदय उजवीकडे गेलेले असते. परंतु वेल्सला त्या नऊ दिवसांतले परलोकासारखे जग दाखवावयाचे होते. मराठी लेखकाने परलोक टाळला आणि गंमत येथल्याच मैदानावर आणली. उसनी घेतलेली कल्पना आपल्या मातीत रुजली की नाही, याची खूण ही की, गणपती काढून तेथे दुसरे काही ठेवून पहावे. कथा कोसळते. म्हणजे गणपती शोभेसाठी आणलेला नाही, तो कथेचा कणा आहे.

'पुत्रवती भव' ही तिसरी. मुलगाच व्हावा ही आपल्या समाजाची जुनी इच्छा; ती पुरी करण्याचे साधन विज्ञानाने हाती दिले, तर काय होईल? आशीर्वादाच्या दोन शब्दांचे शीर्षक करून लेखकाने तो आशीर्वादच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला आहे. संग्रह प्रसिद्ध झाला १९७९ साली. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने केला १९८८ साली. देशाने १९९४ साली. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली निघाल्या ८९४; दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. मघाशी म्हटल्याप्रमाणे भाकिताचे कौतुक येथेही करावयाचे नाही. खंत एवढीच की, ही कथा मुलांच्या ज्ञानात भर घालण्यासाठी म्हणून आपण मुलांकडे सरकवली. ती वडील मंडळींसाठी लिहिली होती!

येथवर गुण झाले. आता दोष. आंब्याच्या मुलखातल्या माणसाला एक उपमा सहज सुचते. हापूस बाहेरून केशरी, सुवासिक, बिनडागी दिसतो. कापला की आत पांढरट, चिवट, बेचव भाग निघतो. त्याला आम्ही साका म्हणतो. नारळीकरांच्या सुरुवातीच्या कथांतून असा साका पडलेला आहे. कथा रंगात आली असता कोणी शास्त्रज्ञ उभा राहतो, दुसरा कोणी "म्हणजे नेमके काय?" असे विचारतो, आणि मग पानभर व्याख्यान होते. प्रश्न विचारणाऱ्याला दुसरे काहीच काम नसते. तो व्याख्यानाची कळ दाबण्यापुरता जन्मलेला असतो. व्याख्यान सुबोध असते, यात संशय नाही. इतकी स्वच्छ मराठी शास्त्रीय गद्यात फार थोड्यांना साधली. परंतु कथेत सुबोध व्याख्यान हेही व्याख्यानच.

दुसरा दोष पात्रांचा. दत्तादा आणि इंद्राणीदेवी वगळल्या, तर संग्रह मिटल्यावर किती माणसे मनात राहतात? प्रसंग राहतात, युक्त्या राहतात. माणसे पुसट होतात. आमच्याच तालुक्यातल्या आरवलीच्या जयवंत दळव्यांनी एका परिच्छेदात माणूस उभा करावा आणि तो जन्मभर आपल्या पाठीस लागावा. किंवा येथेच जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी नुसत्या काळोखाला माणसाचे डोळे द्यावेत. ती करामत येथे शोधू नये. नारळीकरांच्या कथेत माणूस प्रायः सरळ असतो. तो चुकतो तेव्हा माहिती अपुरी म्हणून चुकतो; विकार अनावर झाला म्हणून क्वचितच.

तिसरा दोष स्त्रियांचा. म्हणजे त्यांच्या अभावाचा. या कथांतल्या बायका वाट पाहतात, काळजी करतात, घर सांभाळतात. ज्ञानाचे काम पुरुषांकडे. त्या काळच्या मराठी कथेत हे सर्वत्रच होते, असे म्हणून हा दोष झाकता येईल. पण येथे तो अधिक खुपतो. कारण ज्या हस्ताक्षरात पहिली कथा स्पर्धेला गेली, ते हस्ताक्षर एका गणितज्ञ स्त्रीचे होते. मंगलाबाई नारळीकर स्वतः गणिताच्या संशोधक आणि लेखिका होत्या. २०२३ साली त्या गेल्या. ज्या घरात गणित जाणणारी स्त्री कथेची प्रत करीत होती, त्या घरातून आलेल्या कथांत गणित जाणणारी स्त्री हुडकावी लागावी, हे चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

बोधासाठी कथा लिहिली की कला पातळ होते, हा आक्षेप मराठीत नवा नाही. १९२० ते १९३८ ही वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकवीत वि. स. खांडेकरांनी कथा लिहिल्या, रूपककथेला मराठीत स्थान मिळवून दिले. त्यांच्यावरही हाच आक्षेप होता. 'जीवनासाठी कला' म्हणणाऱ्यांवर 'कलेसाठी कला' म्हणणारे तुटून पडले. ते भांडण आपण कंटाळा येईपर्यंत ऐकले. परंतु त्या भांडणात खांडेकरांना निदान साहित्यिक म्हणून झोडपले गेले. तो एक मानच होता. नारळीकरांच्या वाट्याला तो मान आला नाही. त्यांना हार घातले आणि कपाटात ठेवले.

आंब्याचीच उपमा पुढे न्यावयाची, तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' नावाची जात निघाली. १९८१ साली ती बागायतदारांच्या हाती आली. हिला हापुसासारखा साका लागत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्याच संकरातून 'सिंधू' निघाली. तिची कोय अगदी पातळ, गर भरपूर. पहिल्या कलमात सारेच साधत नाही. दोन निराळ्या जातींचा संयोग करणाऱ्याला पिढ्यामागून पिढ्या वाट पाहावी लागते. 'यक्षांची देणगी' हे विज्ञान आणि मराठी कथा यांचे असे आरंभीचे कलम आहे. कोय जाड आहे, कोठे कोठे साका आहे. पण फळ आपल्या मातीचे आहे आणि गोड आहे. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही बाग वाढवली. नारळीकरांचाही हात पुढे सफाईदार झाला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाजवळून निघून जाते आणि इतिहास दुसऱ्या वाटेने चालू लागतो. तेथे शास्त्र आहे, पण ते प्राध्यापकाच्या गोंधळलेल्या मनाच्या आडून बोलते, आणि वाचक व्याख्यान ऐकत आहोत हे विसरून जातो.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. दुर्गाबाईंनी कऱ्हाडला घेतलेल्या दखलेला तेव्हा ४६ वर्षे झाली होती. या मानाने साहित्याच्या वाड्यातला विज्ञानकथेचा प्रवेश पक्का झाला, असे म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. खुर्ची मिळणे निराळे आणि वाचले जाणे निराळे. पुष्कळ वाचनालयांतून हे पुस्तक आजही 'शास्त्र' या पाटीखाली, वीज, रसायन आणि आरोग्य यांच्या रांगेत उभे केलेले असते. तेथे ते परीक्षेच्या किंवा वक्तृत्वस्पर्धेच्या दिवसांत एखादे मूल शोधीत येते. कादंबरी न्यावयास आलेल्या गृहिणीचा किंवा संध्याकाळी कथासंग्रह चाळणाऱ्या निवृत्त माणसाचा हात तेथवर पोचत नाही.

तेव्हा ग्रंथपालांना एक विनंती, आणि घरोघरच्या वाचकांना दुसरी. ग्रंथपालांनी हे पुस्तक उचलून 'कथा' या कपाटात, वर्णानुक्रमाने जेथे येईल तेथे ठेवावे. आणि या सुटीत घरातल्या कोणी तरी 'धूमकेतू' मोठ्याने वाचावी. लेखकाचे नाव शेवटी सांगावे. आजीला इंद्राणीदेवींचे पटेल, नातीला दत्तादांचे. व्याख्यानाची पाने आली की मुले चुळबूळ करतील. करू द्यावी, ती चुळबूळ हाच खरा अभिप्राय. आणि कोणी म्हणालेच की, अमुक ठिकाणी कथा पातळ झाली, तमुक पात्र कच्चे राहिले, तर त्याला गप्प करू नये. नारायण विनायक जगतापांनी एवढेच मागितले होते.